पंगतीतली फुलबॅक

लंकाबाईचा राग दोन गोष्टींवर. एक बुफे आणि दुसरी घाई. बुफेत सख्ख्या भाच्याच्या लग्नातसुद्धा माणूस रिकामं ताट धरून रांगेत उभा राहतो, मागच्याचा कोपर बरगडीत टोचून घेतो, आणि उभ्यानं खाल्लेलं अन्न पोटात न जाता गुडघ्यात जातं, असं तिचं पक्कं मत होतं. घाईबद्दल ती फार बोलत नसे. सगळ्या जगाला घाई झालीय, एकट्या आमच्या मालकाला नाय, एवढंच म्हणायची आणि नवऱ्याकडं, पुंजाकडं बघायची. पुंजा कांदा चिरत असे. तो चिरतच राही.

ती आचारीण. सातपूरपासून थेट देवळ्यापर्यंत लग्नाच्या, साखरपुड्याच्या, दहाव्याच्या पंगती तिच्या भट्टीवर शिजत. आणि ती पोरींची हॉकीची कोचही होती. ही दोन कामं एकाच बाईच्या पदरात कशी पडली याची सातपुरात नाना उत्तरं ऐकायला मिळतात, पण खरं उत्तर साधं आहे. हॉकीला कुणी पैसे देत नाही आणि वाढप्यांना द्यावे लागतात. कारखान्यांमागच्या एका ओसाड प्लॉटवर संध्याकाळी ज्या पोरी स्टिका घेऊन धावायच्या, त्याच लग्नसराईत कमरेला ओढणी खोचून पंगतीत वाढायच्या. त्यातून बूट यायचे, चेंडू यायचे, टेम्पोचं डिझेल यायचं. प्लॉटच्या मालकानं तिथं अजून कारखाना बांधला नव्हता. त्याची बुद्धी अशीच राहो म्हणून लंकाबाई दर मंगळवारी गणपतीला दुर्वा वाहत असे, आणि मालकाला कर्ज मिळू नये असंही हळूच जोडून देत असे.

स्वतः खेळाडू म्हणून ती काही मोठी नव्हती. बाप इगतपुरीला रेल्वेत गँगमन. तिथल्या मैदानावर पावसाळ्यात हॉकी म्हणजे निम्मी हॉकी आणि निम्मी भातलावणी. लंकी अंगानं भरलेली, पळायला जड, म्हणून तिला गोलात उभी केली. तिच्या दोन पायांमधून इतके गोल गेले की पोरं त्या जागेला घाटातला बोगदा म्हणायची. पण गोलात उभ्या असलेल्या माणसाला एक मिळतं, ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आपल्याच माणसांच्या पाठी त्याला सगळा वेळ दिसतात. कोण भ्यालंय, कोण दमलंय, कोण आता उगाच पुढं उडी घेऊन फसणार, हे पाठीवरून कळतं. लंकाबाईला पाठी वाचता यायला लागल्या. गोल मात्र शेवटपर्यंत जातच राहिले.

तर तिचा सिद्धांत असा की फुलबॅकचं, म्हणजे गोलापुढं उभं राहून समोरच्याला अडवणारीचं, आणि वाढप्याचं काम एकच. समोरचा माणूस दाखवतो एक आणि करतो दुसरं. पुढून चेंडू घेऊन येणारी पोरगी खांदा डावीकडं टाकते आणि जाते उजवीकडून. पंगतीतला माणूस म्हणतो नको. आता आपल्याकडं जेवताना नको म्हणाला नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. व्याह्यानं नको म्हणताना ताटावर हात आडवा धरला, पण बोटं फाकलेली, तर तो नको खोटा. बोटांच्या फटीतून जिलबी जायला जागा त्यानं स्वतःच ठेवलीय. कुणी मान हलवतो आणि ताट गुडघ्यानं पुढं सरकवतो. कुणी शेजाऱ्याकडं बोट दाखवतो, म्हणजे शेजाऱ्याला वाढलं की आपल्याला वाढतीलच. खरा नको म्हणणारा बोलतच नाही. तो उठायला मांडी मोडतो. हे ज्या पोरीला पंगत संपेपर्यंत वाकून, कमर न धरता, हातातली परात न सांडता ओळखता येतं, ती मोठ्या मैदानाला तयार. जिला येत नाही, ती कच्ची.

हा सिद्धांत बरोबर होता असं नाही. दोन वर्षांपूर्वी लंकाबाईनं उज्वलाला मोठ्या लीगच्या एका संघाकडं पाठवलं, ती टीव्हीवर दिसते ती लीग, आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की पोरगी तयार हाय. उज्वला शिबिरातून महिन्याच्या आत परत आली. निळ्या टर्फवर चेंडू पाण्यासारखा पळतो आणि समोरच्या पोरी घोड्यासारख्या, असं काहीतरी म्हणाली, स्टिक माळ्यावर टाकली आणि मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. पुंजाचं म्हणणं, यात सिद्धांताचा काही दोष नव्हता, कारण उज्वलाला तो लावलाच नव्हता. उज्वला पंगतीत वाढायला गेली की परात निम्मी व्हायची ती वाटेतच. एका साखरपुड्यात तिनं मुलाच्या मामाच्या मांडीवर कढी ओतली होती. ती जावी आणि सुटका व्हावी, म्हणून ती तयार झाली होती. लंकाबाई यावर पुंजाला म्हणायची, तुम्ही कांदा चिरा.

आता प्रश्न वैष्णवीचा होता.

वैष्णवी म्हणजे लंकाबाईच्या हाताखाली आलेल्या पोरींमधली सगळ्यात चांगली फुलबॅक. बाप शिफ्टमध्ये, पोरगी कधी प्लॉटवर तर कधी मांडवात, दोघांची गाठ दिवाळीला पडायची. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि पंगतीत तर अशी की एकटी तिघींची ओळ सांभाळायची. तिच्यात एकच खोट होती. घाई. समोरच्यानं खांदा हलवला की ही गेलीच तिकडं. जिल्ह्यात खपून जायचं, कारण जिल्ह्यात हिला फसवून पुढं जाईल असं कुणी नव्हतं; चुकली तरी पळून गाठायची. पंगतीतही तेच. पहिल्या नकोलाच ओगराळं ताटात उलटं. लंकाबाई भट्टीवरून ओरडायची, थांब गं, त्याला आधी हलू दे.

बुधवारी देवव्रत प्लॉटवर आला. हा त्याच संघाचा माणूस, नाशिक जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या पोरी हेरायचं काम त्याच्याकडं. त्याचे वडील पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगतात. रामकुंडावर उतरलेल्या माणसाच्या चपला बघून तो छोट्या पूजेला तयार आहे की मोठ्या, हे ते ओळखतात, अशी त्यांची ख्याती. तेच घराण्याचं कसब मुलगा हॉकीत वापरतो, फरक एवढाच की तो चपलांऐवजी टॅबमध्ये बघतो. लंकाबाईला तो आवडायचा. तिच्या हातचं खाताना तो खोटा नको म्हणत नसे. सरळ वाढा म्हणायचा.

त्यानं सांगितलं ते असं. वैष्णवीचं पळणं, अंगातली ताकद, चेंडू मारणं, सगळं त्यानं मोजलंय आणि सगळं ठीक आहे. संघात एका नव्या फुलबॅकची जागा आहे. नाव शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं आणि सोमवारी शिबिर सुरू. शंका फक्त एक. पोरगी उडी घेते. लीगमधल्या फॉरवर्ड असल्या पोरींचा नाश्ता करतात, आणि एकदा का सगळ्यांदेखत चार वेळा फसली की पोरगी आतून मोडते. उज्वला मोडली तशी. ते एका सामन्यात बघून कळत नाही. रोज बघणाऱ्यालाच कळतं.

"मागच्या वेळी मी तुमच्या शब्दावर गेलो आणि तोंडघशी पडलो," देवव्रत म्हणाला. "या वेळी पण तुमच्याच शब्दावर जाणार आहे. नाही म्हणालात तरी चालेल. दुसरी एक मुलगी आहे माझ्याकडे. पण खरं सांगा."

लंकाबाई म्हणाली, शनिवारी देवळ्याला ये. कारभारीशेठच्या घरचं लग्न हाय, खाली बसून पंगत हाय. तिथं बघ आणि मग सांगते. तो आनंदानं हो म्हणाला. त्याला हॉकी कळत होती, पण वरण-बट्टीही कळत होती.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं लग्नाच्या तारखा आठवून बघितल्या. शनिवारी देवळा, रविवारी पिंपळगाव, मग सगळा मे महिना. वैष्णवी सोमवारी गेली तर एवढ्या पंगती ओढायच्या कुणी? नव्या पोरी होत्या, पण त्या अजून मीठ कुठल्या बाजूला वाढतात हेच विचारत होत्या. आणि एक वर्ष थांबली म्हणून पोरीचं काय बिघडणार होतं? उलट पक्की होईल. कच्चं फळ उतरवलं की सडतं. उज्वलाचं बघा. असं ती बराच वेळ मोठ्यानं बोलत राहिली, जणू पुंजानं काही विचारलंच होतं. शेवटी पुंजानं विळी बाजूला केली.

"लंके, पोरगी पिकली का कच्ची, तेवढंच त्याला सांग. तुझी लग्नसराई पिकलीय, ते त्याला नको सांगू."

ती म्हणाली, तुम्ही कांदा चिरा. पुंजा म्हणाला, चिरून झाला.

कारभारीशेठ देवळ्याचे कांद्याचे व्यापारी. धाकट्या मुलाचं लग्न. कांद्याच्या चाळींच्या मधल्या पटांगणात मांडव, आणि बुफे नाही, कारण शेठच्या आईनं, नवसाबाईनं, बुफे ठेवला तर मी लग्नाला येत नाही असं सांगितलं होतं. लंकाबाईला ही म्हातारी न बघताच आवडली. पण शेठनं सकाळीच भट्टीपाशी येऊन बजावलं की आईला साखर शे, डॉक्टरनं गोड बंद केलंय, ती मागेल, रडेल, तुमच्या पोरींना शिव्या देईल, पण तिच्या ताटात जिलबी पडली तर मी तुमचं पुन्हा तोंड बघणार नाही. लंकाबाईनं सगळ्या पोरींना म्हातारी लांबून दाखवून ठेवली. हिरवं नऊवारी, नाकात नथ, आणि नजर अशी की जिल्हा संघात सहज गेली असती.

पहिली पंगत बसली, एक ओळ बायकांची, एक पुरुषांची. वैष्णवीच्या हातात जिलबीची परात. लंकाबाई कढईवर, हातात झारा, आणि नजर पोरीच्या पाठीवर. देवव्रत शेजारच्या पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसला होता.

वैष्णवी नवसाबाईसमोर आली. म्हातारीनं मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात नको म्हटलं, माले साखर शे माय, म्हटलं, आणि ताटावर हात आडवा धरला. बोटं अशी फाकलेली की मधून बैलगाडी जावी. आजवरची वैष्णवी इथंच गेली असती, दोन जिलब्या टाकून मोकळी झाली असती. ही थांबली. कमरेत वाकलेली, परात कडेवर, वजन मागच्या पायावर. म्हातारीनं शेजारणीकडं बोट दाखवलं, हिला वाढ. वैष्णवीनं नजर हलवली नाही. म्हातारीला खोकला आला. पाणी, पाणी, ती म्हणाली. परात खाली ठेवून पोरगी तांब्याला धावेल आणि आपण हात मारू, असा तो डाव. वैष्णवीनं हनुवटीनं दुसऱ्या पोरीला खूण केली, पाणी आलं, म्हातारीला ते प्यावं लागलं. मग पदराखालून एक हात परातीच्या कडेकडं निघाला. वैष्णवी फक्त अर्धं पाऊल मागं सरकली. हात हवेत राहिला.

नवसाबाईनं हात मागं घेतला आणि पहिल्यांदा पोरीकडं नीट बघितलं.

"कोठली शे वं तू?"

"सातपूरची, आजी."

"कोनाची भी सून व्हय," म्हातारी म्हणाली, "मन्हा घरनी नको."

वैष्णवी पुढच्या ताटाकडं गेली. लंकाबाईच्या कढईतल्या जिलब्या तोवर कोळसा झाल्या होत्या. तिनं देवव्रतकडं बघितलं. त्यानं बट्टी कुस्करून वर तुपाची धार घेतली होती आणि मान ताटात होती. तूप मनगटावरून कोपराकडं निघालं होतं. त्यानं काही म्हणजे काही बघितलं नव्हतं. पोरीची खोट गेली होती, आणि ते बघणारी अख्ख्या मांडवात एकटी लंकाबाई.

हात धुताना त्यानं विचारलं. लंकाबाईनं पातेल्याकडं बघत सांगितलं की अजून कच्ची हाय. एक वर्ष थांब. त्यानं रुमालानं हात पुसले. मग म्हणाला, बरं झालं या वेळी खरं सांगितलंत, आणि तिला वाकून नमस्कार करून गाडीकडं गेला. त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

तोवर पहिली पंगत सगळी उठली होती. शेवटच्या पंगतीच्या पत्रावळी मांडायला घेतल्या होत्या. लंकाबाई तेलाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर अर्धी मांडी घालून बसली. वैष्णवी ताट घेऊन आली. बट्टी, वांग्याची भाजी, वर दोन न जळलेल्या जिलब्या. मावशी, जेवून घे, म्हणाली.

"नको," लंकाबाई म्हणाली.

वैष्णवी हलली नाही. ताट पुढंही केलं नाही आणि घेऊन गेलीही नाही. लंकाबाई म्हणाली, टेम्पोवाल्या पोराला दे, त्यानं खाल्लं नाय. वैष्णवी तिथंच. लंकाबाई म्हणाली, जरा पाणी आण. वैष्णवीनं हनुवटी हलवली आणि पुंजा तांब्या घेऊन आला. तो सगळं बघत होता, मेला. लंकाबाई पाणी प्याली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की घटकाभरापूर्वी म्हातारी जे करत होती तेच आपण करतोय, त्याच क्रमानं, आणि पोरगी त्याच मागच्या पायावर उभी हाय. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून ती स्वतःच्याच फुलबॅकला चकवायला बघत होती.

"मावशी, त्याला काय सांगितलंस?" वैष्णवीनं विचारलं.

लंकाबाईनं उठायला मांडी मोडली.

देवव्रतची गाडी लांब गेली नव्हती. देवळ्याच्या रस्त्यावर दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची वरात आडवी आली होती. डीजेपुढं घोडा बुजला होता, घोड्यावरचा नवरदेव त्याहून जास्त, आणि मागं कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. लंकाबाई झारा हातात तसाच घेऊन, नाचणाऱ्यांना कोपरानं बाजूला सारत काचेपाशी आली. काच खाली झाली.

"तयार हाय," ती म्हणाली. धाप लागली होती.

"अहो, आत्ताच तर कच्ची म्हणालात."

"खोटं बोलले. लग्नसराई हाय."

देवव्रतनं तिच्याकडं, मग झाऱ्याकडं बघितलं. त्याची अडचण खरी होती. या बाईनं एकदा तयार म्हणून फसवलं, एकदा कच्ची म्हणून, आणि आता तिसऱ्यांदा ती शब्द देत होती, तोही डीजेच्या तालावर. तिनं म्हातारीची गोष्ट सांगितली, हात कसा, पाणी कसं, अर्धं पाऊल कसं. त्यानं ऐकून घेतलं. पण गोष्टी उज्वलाच्या वेळीही होत्या.

"एक विचारतो," तो म्हणाला. "उज्वला गेली तेव्हा तुमचं काय गेलं?"

"काय नाय. सुटले मी."

"आणि ही गेली तर?"

लंकाबाईनं मागं वळून मांडवाकडं बघितलं. शेवटची पंगत बसायला लागली होती. उद्याचं पिंपळगाव होतं, पुढचा सगळा महिना होता. प्लॉटवर फुलबॅकच्या जागी कोण, हा तर विचारच तिनं अजून केला नव्हता.

"माझा गुडघा जाईल," ती म्हणाली.

देवव्रत हसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि कुणाला तरी ओरडून नाव सांगितलं. आडनाव दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाला, मोडली तर तुमच्या दारात आणून बसवीन. लंकाबाई म्हणाली, बसव. वाढायला लागेलच कुणीतरी.

मांडवात आल्यावर तिनं वैष्णवीच्या हातातली परात काढून घेतली आणि तिला डब्यावर बसवलं. सोमवारी जायचंय, जेव आधी, असं सांगितलं, जसं काही बाजारातून मिरच्या आणायला पाठवत होती. वैष्णवीनं एवढंच विचारलं की मावशी, शेवटची पंगत कोण वाढणार.

लंकाबाईनं पदर खोचला. कित्येक वर्षांनी ती पंगतीत उतरली होती. पहिल्या चार ताटांना कमर बोलली, पाचव्याला गुडघा. पंगत लांबच लांब, आणि डोक्यात सोमवार. शेवटाला, खांबाच्या आडोशाला, तोंडावरून अंगभर शाल ओढून कुणी म्हातारी बाई बसली होती. शालीखालून बारीक आवाजात नको आलं. हात आडवा आला, बोटं फाकली. लंकाबाईला पुढं जायची घाई होती. तिनं त्या फटीतून तीन जिलब्या सोडल्या.

पलीकडून कारभारीशेठ ओरडत यायला लागले. डब्यावर बसलेल्या वैष्णवीला बट्टीचा ठसका लागला आणि पुंजा तिच्या पाठीवर थापट्या मारू लागला. शाल मागं सरली. आत हिरवं नऊवारी, नथ, आणि निम्मी जिलबी आधीच तोंडात.

"ही बाई नवी शे वाटतं," नवसाबाई शेजारणीला म्हणाली.